नवा चष्मा: सवयीने काय जातं आणि काय कधीच जात नाही

काचकाम

नवा चष्मा घालून माणूस दुकानाच्या पायऱ्या उतरतो तेव्हाच काहीतरी खटकतं. फरशी वर आल्यासारखी दिसते, दाराची चौकट एका बाजूला कललेली वाटते, पायरी नेमकी कुठे संपते ते कळत नाही. परत आत जाऊन सांगितलं की उत्तर ठरलेलं: "आठ-पंधरा दिवस वापरा, सवय होईल." काही तक्रारींना हे उत्तर बरोबर आहे. काहींना ते साफ चूक आहे, आणि त्या पंधरा दिवसांत माणूस डोकेदुखीच्या गोळ्या खात बसतो. या दोन प्रकारच्या तक्रारी वेगळ्या कशा ओळखायच्या, यासाठी हा धागा.

सवयीने जातं ते असं. नंबर वाढला, सिलिंडर (डोळ्याचा एकाच दिशेतला दोष काढणारा नंबर) नव्याने आला किंवा काचेचा वक्र बदलला की वस्तूंचा आकार थोडा बदलतो. मायनस काच लहान दाखवते, प्लस मोठं दाखवते. मान वळवताना नजर स्थिर राहावी म्हणून डोळे उलट दिशेला फिरतात. किती फिरायचं याचा हिशेब मेंदू आतल्या कानातल्या तोलाच्या अवयवावरून करतो, आणि तो जुन्या काचेला जुळलेला असतो. नवी काच आली की मान हलवताना सगळं पोहल्यासारखं दिसतं. सलग वापरलं तर बहुतेकांचा हिशेब तीन-चार दिवसांत जुळतो. नंबरात मोठा फरक असेल तर दोन आठवडे धरा.

सवयीने जात नाही ते असं: एक डोळा झाकल्यावर दुसऱ्याला धूसर दिसणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, चष्मा हाताने उचलून धरल्यावरच स्पष्ट होणं, वाचायला हनुवटी छताकडे करावी लागणं. काच चुकीच्या जागी बसली असेल किंवा नंबरच चुकला असेल तर मेंदू काहीही करू शकत नाही.

पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह (लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच काचेतून, मधे रेघ न दिसता दाखवणारा चष्मा) घेणाऱ्यांचे हाल यात सर्वांत जास्त. जाणकारांनी त्यावर सविस्तर लिहावं.

सांजवात

चांगला विषय. "डोळा झाकून बघा" म्हणजे नक्की कसं? घरी तपासायची काही रीत आहे का?

दूरदर्शी

@सांजवात, आहे. आधी घरातल्या घरात पाच-सहा मीटरवर कॅलेंडर टांगा. चष्मा घालून एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. दाबलेला डोळा उघडल्यावर काही क्षण धूसरच दिसतो आणि निष्कर्ष चुकतो. दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने तारखा वाचा. मग हेच 40 सेंटीमीटरवर वर्तमानपत्र धरून करा.

कुठे अडतंय ते कळलं की चष्मा हाताने हलवून बघा. यातून बरंच समजतं.

प्रोग्रेसिव्ह दोन-तीन मिलिमीटर वर उचलल्यावर वाचायला एकदम सोपं झालं, तर काच खाली बसली आहे किंवा फ्रेम नाकावरून घसरते आहे. उलट, हनुवटी छातीकडे घेतल्यावर लांबचं स्वच्छ दिसलं तर काच वर बसली आहे. चेहरा एका बाजूला वळवल्यावर वाचता आलं तर त्या डोळ्याची पीडी, म्हणजे नाकाच्या मध्यापासून बाहुलीच्या मध्यापर्यंतचं अंतर, चुकलेलं असण्याची शक्यता मोठी. सिलिंडर असेल आणि फ्रेम गाडीच्या स्टिअरिंगसारखी किंचित फिरवल्यावर अक्षरं धारदार झाली तर ॲक्सिस, म्हणजे सिलिंडर ज्या कोनात बसवायचा तो, तपासायला हवा.

ॲक्सिसची चूक लोकांना किरकोळ वाटते. ती किरकोळ नाही. 10 अंशांची चूक झाली तर सिलिंडरचा साधारण 35 टक्के दोष शिल्लक राहतो. 30 अंशांची झाली तर जेवढा सिलिंडर दिला तेवढाच दोष नव्या दिशेने परत उभा राहतो, म्हणजे काच घालून काहीच मिळवलं नाही.

रेघोटी

मूळ लेखातल्या "दोन आठवडे" या शब्दांवर माझा आक्षेप आहे. हा आकडा ऐकला की लोक सगळ्याच तक्रारींना दोन आठवडे देतात. फरशी तिरकी दिसते म्हणणाऱ्याने थांबावं. पण एका डोळ्याला धूसर किंवा दोन-दोन दिसत असेल तर दुसऱ्या दिवशीच दुकानात जावं. काच बदलून देण्याची मुदत बऱ्याच ठिकाणी ठरलेली असते आणि ती चष्मा ताब्यात घेतल्यापासून मोजतात. ती किती दिवसांची आहे हे पैसे भरतानाच विचारून बिलावर लिहून घ्या.

काचकाम

@रेघोटी, मान्य. "थांबा" हे फक्त हलण्या-कलण्याच्या तक्रारींसाठी आहे. धूसरपणासाठी नाही.

कंदील

एक छोटा गोंधळ नेहमी दिसतो तो आधी सांगतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं −2.00, सिलिंडर +1.00, ॲक्सिस 90. दुकानातल्या कार्डावर येतं −1.00, सिलिंडर −1.00, ॲक्सिस 180. माणूस घाबरतो की नंबर बदलला. हे दोन्ही एकच आहेत. पहिले दोन आकडे चिन्हासकट एकत्र करायचे, सिलिंडरचं चिन्ह उलटवायचं आणि ॲक्सिस 90 ने फिरवायचा. ही लिहिण्याची रीत वेगळी आहे, काच तीच. मात्र तिन्हींपैकी एकच आकडा बदललेला दिसला तर तो खरा घोटाळा आहे. तेव्हा लगेच विचारा.

घरी करता येणारी आणखी एक गोष्ट. चष्मा हातभर लांब धरून एका काचेतून दाराच्या उभ्या कडेकडे बघा आणि काच डावी-उजवीकडे हलवा. कड काचेच्याच दिशेने सरकली तर मायनस, उलट सरकली तर प्लस. मग चष्मा गोल फिरवा. काचेतली कड आणि बाहेरची कड कात्रीसारख्या एकमेकींना छेदू लागल्या तर त्या काचेत सिलिंडर आहे. डाव्या-उजव्या काचा अदलाबदल झाल्या असतील तर कधी कधी एवढ्यावरच लक्षात येतं.

सांजवात

आता प्रोग्रेसिव्हचं सांगा. काचेत रेघ नसते, मग कुठला भाग कशासाठी ते ओळखायचं कसं?

काचकाम

काचेवर खुणा असतात. कारखान्यातून काच येते तेव्हा तिच्यावर पिवळ्या किंवा पांढऱ्या शाईने एक क्रॉस, खाली आडवी रेघ आणि त्याखाली एक गोल छापलेला असतो. क्रॉस बाहुलीच्या अगदी मधोमध यायला हवा. गोल म्हणजे जवळचा नंबर मोजायची जागा. बहुतेक दुकानांत चष्मा हातात देण्याआधी ही शाई पुसून टाकतात. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की शाई पुसू देऊ नका. चष्मा आधी शाईसकट घाला, समोरच्याला तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायला सांगा, लांब बघा, आणि दोन्ही क्रॉस बाहुलीवर आहेत ना ते त्याला बघू द्या. अर्धा मिनिट लागतो. बसवण्याची चूक इथेच पकडली जाते.

शाई गेली असली तरी कोरीव खुणा राहतात. प्रत्येक काचेवर एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर दोन इवलीशी वर्तुळं किंवा चिन्हं असतात. काचेवर तोंडाची वाफ सोडा, काळ्या कापडासमोर तिरकी धरा, वाफ विरताना त्या दिसतात. कानाकडच्या खुणेखाली ॲडचा, म्हणजे जवळच्यासाठी वाढवलेल्या नंबराचा, आकडा असतो, 20 किंवा 2.0 म्हणजे +2.00. तो चिठ्ठीशी ताडून बघा. कुठलीही दुकानदार मंडळी त्या खुणांवरून कंपनीच्या तक्त्यावर क्रॉस परत काढून देऊ शकतात.

मोजमाप चुकतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. मोजणारा उभा असतो, गिऱ्हाईक बसलेलं असतं, ते वर बघतं आणि खूण वर जाते. दुसरी चूक म्हणजे फ्रेम चेहऱ्याला नीट न बसवताच खूण करणं. आधी नाकावरचे पॅड, काड्यांची लांबी आणि खालची कड गालाकडे 8 ते 12 अंश झुकलेली आहे ना हे जुळवायचं, मग पेन हातात घ्यायचं. नंतर पॅड दाबले तर मोजलेली उंची वाया जाते.

अक्षांश

प्रोग्रेसिव्हच्या कडेला धूसर का, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहितो. तो दोष स्वस्त काचेचा नाही, भूमितीचा आहे. 1963 मध्ये मिन्कविट्झने मांडलेला नियम असा: वरून खाली जाताना पॉवर ज्या वेगाने वाढते, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला सिलिंडरसारखा दोष वाढत जातो.

आकडे घालून बघा. ॲड +2.00 आणि लांबच्या भागापासून जवळच्या भागापर्यंतची वाट 14 मिलिमीटर. दर मिलिमीटरला पॉवर सुमारे 0.14 ने वाढते, म्हणजे बाजूला दर मिलिमीटरला 0.29 दोष. अर्ध्या नंबरापर्यंतचा दोष चालवून घेतला तर वाटेची रुंदी जेमतेम साडेतीन मिलिमीटर. तीच वाट आणि ॲड +1.00 असेल तर सात मिलिमीटर. म्हणून चाळिशी लागल्यावर "अजून चालतंय" करत पन्नाशीपर्यंत थांबून एकदम मोठ्या ॲडचा प्रोग्रेसिव्ह घेणाऱ्याला जास्त त्रास होतो. ॲड लहान असतानाच सुरुवात केली तर वाट रुंद असते आणि पुढे ती थोडी थोडी अरुंद झालेली जाणवत नाही.

महागड्या काचा हा दोष नाहीसा करत नाहीत, पसरवतात किंवा कमी त्रासाच्या जागी हलवतात. फ्रेमही तितकीच महत्त्वाची. नेहमीच्या वाटेसाठी बाहुलीपासून फ्रेमच्या तळापर्यंत 18 मिलिमीटर तरी हवेत, आखूड वाटेच्या काचेला 14. पट्टीसारखी अरुंद फ्रेम आवडली म्हणून घेतली की जवळचा भाग कापूनच टाकला जातो.

जाता जाता, बाजारात चालली अशी पहिली प्रोग्रेसिव्ह काच 1959 ची, फ्रान्समधल्या बर्नार्ड मेतनाझची वॅरिलक्स. भूमितीचा हा अडसर तेव्हाही होता, आजही आहे.

भाकरतुकडा

हे सगळं टेबल-खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी झालं. आपल्याकडे बरंच काम खाली बसून होतं. विळीवर भाजी चिरताना पातं डोळ्यांपासून 60-70 सेंटीमीटरवर असतं. चौरंगावरची पोथी, मांडीसमोरची हार्मोनियम, भाकरी थापायची परात, सगळं साधारण तेवढ्याच अंतरावर. नजर मात्र अगदी खाली झुकलेली, म्हणजे काचेच्या त्या भागातून जी 40 सेंटीमीटरसाठी आहे. मग विळीचं पातं धूसर दिसतं आणि बोट कापतं. ॲड +2.00 असेल तर या अंतराला त्यातला निम्मा किंवा जरा जास्तच लागतो.

यावर सवय हा उपाय नाही. मान खाली झुकवायची आणि नजर काचेच्या मधल्या भागातून जाऊ द्यायची, किंवा अशा कामासाठी त्या अंतराचा एकच नंबर असलेला साधा चष्मा वेगळा ठेवायचा. तपासणीला जाताना कामाचं अंतर टेपने मोजून न्या. "स्वयंपाक करते" एवढंच सांगितलं तर समोरचा ओट्याचा विचार करतो.

घाटवाट

पायऱ्या आणि दुचाकी यांबद्दल.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल (वर लांबचा, खाली जवळचा, मधे रेघ) घालून जिना उतरताना नजर खाली टाकली तर पायरी वाचायच्या भागातून दिसते, आणि तो भाग दीड मीटरवरच्या पायरीसाठी नाहीच. हनुवटी छातीला लावून काचेच्या वरच्या भागातून बघायचं. पहिला आठवडा कठडा सोडायचा नाही. एसटीची पायरी उंच असते, तिथे तर मुद्दाम एक क्षण थांबावं.

दुचाकी पहिले दोन-तीन दिवस नकोच. नंतर आधी रिकाम्या रस्त्यावर. बाजूच्या आरशात डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची सवय मोडावी लागते, नाक आरशाकडे वळवावं लागतं. बंद हेल्मेट असेल तर आधी हेल्मेट, मग चष्मा. उलट केलं की गालाच्या गाद्या काड्यांना ढकलतात, एक काच वर आणि एक खाली जाते. काड्या पातळ आणि सरळ असल्या की आत नीट सरकतात. हेल्मेट काढल्यावर फ्रेम सपाट टेबलावर उलटी ठेवून बघा, दोन्ही काड्यांची टोकं टेकली पाहिजेत.

रेघोटी

@भाकरतुकडा, पूर्ण अनुमोदन. आणि यासाठीच माझं मत आहे की प्रत्येकाला प्रोग्रेसिव्ह विकणं थांबलं पाहिजे. शिवणकाम करणाऱ्या बाईंना रुंद जवळचा भाग हवा असतो. त्यांना बायफोकल किंवा जवळचा वेगळा चष्मा जास्त सुख देतो. रेघ दिसते म्हणून बायफोकलला नाकं मुरडतात, पण तिच्या खालच्या भागात कडेचा तो पोहणारा धूसरपणा नसतो.

अक्षांश

@रेघोटी, बायफोकलला रेघेपाशी चित्र उडी मारतं आणि मधलं अंतर मोकळंच राहतं. संगणकाचा पडदा त्या पोकळीत येतो. दिवसभर पडद्यासमोर असणाऱ्याला ऑफिस लेन्स बरी. तिच्यात मधला आणि जवळचा भाग रुंद असतो, लांबचा जवळजवळ नसतो. ती घालून गाडी चालवायची नाही.

दूरदर्शी

दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असणाऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. समजा उजवा −1.00, डावा −4.00. काचेच्या केंद्रापासून 10 मिलिमीटर खाली बघून वाचताना दोन्ही डोळ्यांत 3 प्रिझमचा (प्रिझम म्हणजे काच चित्र किती सरकवते त्याचं माप) वर-खाली फरक पडतो. हिशेब सोपा आहे: सेंटीमीटरमधलं अंतर गुणिले नंबर. डोळे आडवा फरक बराच सांभाळतात, वर-खालचा फार थोडा. वाचताना ओळी एकमेकींवर चढतात. याला वाचनाचा वेगळा चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स किंवा काच खास घासून प्रिझम काढणं, हे उपाय आहेत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि दुसऱ्याचा राहिला की नेमकी हीच अडचण येते.

हाच हिशेब पीडीलाही लागू. −6.00 च्या दोन काचांची केंद्रं मिळून 5 मिलिमीटर चुकली तर 3 प्रिझम. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकतं.

कंदील

मोठ्या नंबरवाल्यांनी घसरणाऱ्या फ्रेमकडेही लक्ष द्यावं. −8.00 ची काच 4 मिलिमीटर पुढे सरकली की डोळ्याला पाव नंबर कमी मिळतो. पावसाळ्यात घामाने चष्मा नाकावर उतरला की लांबचं धूसर होतं ते यामुळे. पॅड आणि कानामागचं वळण घट्ट करून घ्या. ॲसिटेटची फ्रेम गरम करून वळवता येते. टीआर-90 ची सहजासहजी वळत नाही, ती घेतानाच नीट बसली पाहिजे.

ट्यूबलाइटच्या कडेला निळी-पिवळी झालर दिसत असेल तर ती काचेच्या पदार्थामुळे. साध्या सीआर-39 काचेचा ॲबे आकडा 58, पॉलिकार्बोनेटचा 30. आकडा जितका कमी तितकी झालर जास्त. समोर बघताना ती जात असेल आणि कडेनेच दिसत असेल तर नंबर चुकलेला नाही. फार खुपत असेल तर 1.6 इंडेक्सची काच मागा, तिचा ॲबे 40 च्या आसपास असतो.

पाणकावळा

मधुमेह असणाऱ्यांनी साखर वर-खाली होत असताना नंबर काढूच नये. साखरेबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग फुगतं-उतरतं आणि नंबर बदलतो. नवीन औषध सुरू झालं असेल तर साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग काढा. नाहीतर काच उत्तम, मोजमाप उत्तम आणि तरी महिन्याभरात चष्मा निरुपयोगी.

आणि अचानक दोन-दोन दिसू लागणं, डोळ्यात वीज चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस, किंवा कडेने पडदा आल्यासारखं वाटणं, याला चष्म्याची सवय समजू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

सांजवात

खूप उपयोगी. मूळ प्रश्नाकडे येते. फरशी तिरकी दिसते आहे, दोन्ही डोळ्यांना स्वच्छ दिसतं आहे, म्हणजे थांबायचं ठरलं. मग त्या दिवसांत जुना चष्मा मधूनमधून घातला तर चालेल का? आणि नेमकं कधी म्हणायचं की आता पुरे?

काचकाम

जुना घालू नका. रोज दोन हिशेब आलटून पालटून दिले की मेंदू एकही पक्का करत नाही. सकाळी उठल्या उठल्या नवा घाला आणि रात्री झोपतानाच काढा. सुरुवात सुट्टीच्या दिवशी घरात करा. अपवाद फक्त गाडी चालवण्याचा: नव्याने अंतराचा अंदाज येत नाही तोवर गाडीच टाळलेली बरी, अगदीच टळत नसेल तर जुना घाला.

प्रोग्रेसिव्हसाठी रोज दहा मिनिटं एक सराव करा. खिडकीत बसा, हातात पुस्तक. समोरच्या इमारतीवरची पाटी वाचा, मग डोकं न हलवता नजर पुस्तकावर उतरवा, अक्षर धारदार होईपर्यंत पुस्तक वर-खाली करा, ती जागा लक्षात ठेवा. नंतर ओळ वाचताना नजरेऐवजी नाक ओळीबरोबर डावीकडून उजवीकडे न्या. दोन-तीन दिवसांत मान आपोआप वळू लागते.

कधी पुरे म्हणायचं ते रोज तपासा. दाराच्या त्याच चौकटीकडे रोज त्याच जागेवरून बघा. तिसऱ्या दिवशी कल कमी वाटला तर वाट बरोबर आहे, चालू ठेवा. पाचव्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकाच असेल तर परत जा. तिरक्या ॲक्सिसचा, म्हणजे 45 किंवा 135 च्या आसपासचा मोठा सिलिंडर पहिल्यांदाच आला असेल तर दहा दिवस द्या, कारण त्यात उभ्या रेषाच कलतात. तरी जमलं नाही तर डॉक्टर सिलिंडर थोडा कमी करून देतात आणि पुढच्या वेळी पूर्ण करतात.

परत जाताना जुना चष्माही बरोबर न्या, आणि चिठ्ठीही. दोन्ही चष्मे लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) शेजारी शेजारी मोजायला सांगा: नंबर, ॲक्सिस, दोन केंद्रांमधलं अंतर. त्यानंतर काचेचा वक्र मोजायचं छोटं घड्याळ दोन्ही काचांच्या पुढच्या बाजूला लावायला सांगा. नंबर तोच आणि वक्र वेगळा निघाला तर नवी काच जुन्याच वक्रात करून मागता येते.

सांजवात

वक्राचं घड्याळ असतं हे माहीतच नव्हतं. प्रत्येक दुकानात असतं का?

काचकाम

जिथे काचा स्वतः घासून बसवतात तिथे असतंच. खिशातल्या घड्याळाएवढी डबी, खाली तीन पिना, मधली आत-बाहेर होते. काचेवर टेकवली की काटा आकडा दाखवतो. नसेल तर ते दुकान ज्या कारागिराकडे काचा पाठवतं त्याच्याकडून दोन्ही चष्मे मोजून आणायला सांगा.